एका वेलावर एकच भोपळा

जबाब

मी, सोबतच्या अर्जावर सही केलेली अर्जदार, वय ६६ वर्षे, व्यवसाय सध्या काही नाही, पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक सुपरवायझर, शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये, राहणार वजनकाट्यामागची गल्ली, शेवटचे बैठे घर, आज शनिवारी सकाळी दहा वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी आणि माझा धाकटा भाऊ असे दोघेच राहतो. भावाचे वय ६५. दोघांचीही लग्ने झालेली नाहीत. घरात दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे परस आहे. परसाला कमरेएवढी भिंत असून भिंतीपलीकडे काट्यावर येणाऱ्या ट्रकची रांग लागते.

भाऊ परवा गुरुवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी घरातून गेला तो परत आलेला नाही. मी काल शुक्रवारी सकाळी दहाला ठाण्यात आले होते. टेबलावरचे साहेब म्हणाले, "आजी, चोवीस तास थांबा, पुरुष माणूस आहे, येईल." मी त्यांची आजी नाही. चोवीस तासांवर चार तास झाले आहेत, असे मी त्यांना भिंतीवरचे घड्याळ दाखवून सांगितले. त्यावर त्यांनी अठ्ठेचाळीस तास थांबायला सांगितले. आज तेही झाले आहेत. दोन दिवसांत माणूस कुठपर्यंत जाऊ शकतो याचा हिशोब त्या साहेबांनी करावा. मी केला आहे.

"घर सोडण्याचे कारण" या रकान्यात काय लिहू, असे हवालदारांनी विचारले. मी भोपळा असे सांगितले. हवालदार हसले आणि त्यांनी "किरकोळ घरगुती कारण" असे टाइप केले. ते मी खोडायला लावले. भोपळा किरकोळ नव्हता. घेर मोजून पुस्तिकेतल्या तक्त्यावरून काढलेले त्याचे वजन एकशे नव्वद किलो होते. हवालदारांनी खुर्ची पुढे ओढून घेतली व सुरुवातीपासून सांगा म्हणाले, म्हणून सांगते.

भाऊ वयाच्या सोळाव्या वर्षी वजनकाट्यावर कारकून म्हणून लागला आणि बासष्टाव्या वर्षी निवृत्त झाला. ट्रक भरलेला आला की खिडकीतून वजन लिहायचे, रिकामा होऊन आला की पुन्हा लिहायचे, पावती फाडायची. शेहेचाळीस वर्षे एवढेच काम. निवृत्तीनंतर तो परसाच्या भिंतीशी स्टूल टाकून बसायचा आणि ट्रकच्या नुसत्या आवाजावरून वजन सांगायचा. "बावीस टन, ताई." मला त्याचा त्रास होत असे, आणि मी तसे बोलत असे.

साधारण साडेचार महिन्यांपूर्वी त्याने वर्तमानपत्रातून एक फोटो कापून आणला. शेतकी प्रदर्शनात एक माणूस भोपळ्याशेजारी उभा होता आणि भोपळा त्याच्या छातीपर्यंत येत होता. भाऊ म्हणाला, "ताई, असला एक लावायचा. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल तोलला. एकदा आपलं काहीतरी काट्यावर चढवायचं."

मी म्हटले, "शाळेत मिळवलेस तेवढे भोपळे पुरले नाहीत का?"

तो हसला. वस्तुस्थिती अशी की तो शाळेत गणितात दर वर्षी पहिला येत असे. हे नोंदीत असावे.

बाजारातल्या बियाणेवाल्याने त्याला मोठ्या जातीच्या दोन बिया आणि एक बत्तीस पानी पुस्तिका दिली. पुस्तिका नवशिक्यांसाठी होती आणि इंग्रजीत होती. भावाला इंग्रजी येत नाही. आकडे आणि ट्रकवर लिहिलेली कंपन्यांची नावे तो ओळखतो, त्यापलीकडे नाही. आमच्या घरात इंग्रजी कागद आला की तो मीच वाचायचा, हे लहानपणापासून ठरलेले आहे. त्यामुळे पुस्तिकाही माझ्याकडे आली. पुढच्या कामाची वेळ आली की दुपारी चार वाजता, चहा झाल्यावर, मी तेवढेच पान वाचून मराठीत सांगत असे. शाळेत सिस्टरांनी आम्हाला उभे राहून, पाठ ताठ ठेवून वाचायला शिकवले होते. मी अजून तसेच वाचते. भाऊ स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून ऐकायचा आणि मध्येच म्हणायचा, "पुन्हा."

बीची कड कानशीने हलकेच घासायची, टोकाला धक्का लावायचा नाही, मग कोमट पाण्यात भिजवून कुंडीत लावायचे. दोनपैकी एक बी कुजले. दुसरे पाचव्या दिवशी उगवले. परसात दाराएवढा खड्डा खणून त्यात कुजलेले शेणखत भरले. वेल पुढे सरकला की प्रत्येक पेरापाशी तो मातीत दाबायचा, म्हणजे तिथूनही मुळे फुटतात. या वेलासाठी भावाने माझी कपडे वाळत घालायची तार काढली आणि माझे दोन गुलाब उपटले. त्यातला एक वीस वर्षांचा होता. त्यावरून मी त्याच्याशी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी पुढचे पान वाचायचे होते म्हणून बोलले.

पुढचे पान नेमके फुलांचे निघाले. मधमाशांवर विसंबू नये, पहाटे नराचे फूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, मादीच्या फुलात आपल्या हाताने फिरवावे, असे त्यात होते. वाचताना मला कुठे पाहावे ते कळेना. भाऊ पायरीवरून म्हणाला, "लाजतेस काय, ताई? तू तर टेलिफोनवरून जगाची लग्नं जुळवलीस."

"मी लाइन जोडून देत होते, लग्नं नाही," मी म्हटले.

"तेच ते. बोलायची वेळ संपली की तूच तोडायचीस."

या महिन्यांत आम्ही जितके बोललो तितके त्याआधीच्या दहा वर्षांत बोललो नव्हतो. हे लिहिणे आवश्यक आहे का, असे हवालदारांनी विचारले. आवश्यक आहे.

वेलाला दोन फळे धरली. पहिले फळ तीन दिवस आधीचे. भाऊ त्यांना थोरला आणि धाकटा म्हणू लागला. माझ्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन तो रोज संध्याकाळी सहा वाजता दोघांचा घेर मोजायचा आणि काट्याच्या जुन्या पावत्यांच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहायचा. थोरला नेहमी पुढे असे. धाकटा रोज थोडा थोडा जवळ येत होता. फळे धरून बारा दिवस झाले तेव्हा आम्ही पुस्तिकेच्या एकोणिसाव्या पानावर आलो.

एका वेलावर एकच भोपळा ठेवावा, बाकीचे खुडून टाकावे, म्हणजे वेलाची सगळी ताकद एकाला मिळते, असे त्या पानाच्या वरच्या भागात होते. ते मी वाचले. खाली बरेच काही होते. ऊन माझ्या डोळ्यांवर येत होते. मी म्हटले, "एकच ठेवायचा. मोठा ठेवायचा. उरलेला आजच काढायचा."

"आजच? असं लिहिलंय?"

"मग मी काय मनचं वाचतेय?"

तो स्वयंपाकघरातली सुरी घेऊन परसात गेला. मी भांडी विसळून बाहेर आले तेव्हा तो वेलाशी उकिडवा बसलेला होता. सुरी जमिनीवर होती. मी म्हटले, "अरे, भोपळा आहे तो. भोपळ्याला काय कळतं?" तो म्हणाला, "ताई, ह्याचं काय चुकलं? तीन दिवस उशिरा आला एवढंच ना?"

त्याचे नेहमी असेच. चप्पल घ्यायला गेला तरी दोन जोड समोर ठेवून तासभर बसतो. मला दुसरी कामे होती. मी सुरी उचलून धाकट्याचे देठ कापले. त्याला एक मिनिटही लागले नाही.

कापलेले फळ भावाने दोन्ही हातांत घेतले आणि गल्लीतून वळसा घालून काट्यावर गेला. अर्ध्या तासाने परत आला. मी विचारले, "किती भरला?" तो म्हणाला, "शून्य. आपला काटा ट्रकचा आहे, ताई. एवढं वजन त्याला कळत नाही." फळ त्याने परसाच्या भिंतीवर ठेवले. ते तिथे वाळून जाईपर्यंत होते. मी हलवले नाही आणि त्यानेही हलवले नाही.

त्यानंतर थोरला खरोखरच भराभर वाढला. एका दिवसात नऊ किलो, एका दिवसात अकरा किलो. खाली वाळूचा थर, वरती उन्हासाठी माझी जुनी चादर. गल्लीतली माणसे पाहायला येऊ लागली. माणसे आली की भाऊ चादर बाजूला करायचा, आजारी माणसाच्या अंगावरची करावी तशी. काट्यावर सध्या कारकून असलेल्या बाईही आल्या. म्हणाल्या, "काका, ह्याला आमच्याकडेच आणावं लागणार, घरच्या तराजूत हा मावायचा नाही." भाऊ त्या रात्री दोनदा वाढून घेऊन जेवला. प्रदर्शन उद्या रविवारी आहे. न्यायला टेम्पो ठरला होता.

मागच्या आठवड्यातल्या बुधवारी माझ्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डाव्यातही मोतीबिंदू आहे. जुना चष्मा आता चालत नाही आणि नवा महिन्याने मिळेल, तोवर मला वाचता येत नाही. डोळ्यात दिवसातून चार वेळा औषध घालायचे असते. ते भाऊ घालत असे. सकाळचे सव्वासहाला. एक थेंब म्हणजे एक थेंब, कधी गालावर गेला नाही.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास मी भाजी निवडत होते. परसातून जाड कापड टरकन फाटावे तसा आवाज आला. मी गेले तेव्हा भाऊ आधीच तिथे होता. थोरल्याला देठापासून बोटभर रुंद तडा गेला होता आणि आतले पाणी वाळूत झिरपत होते. प्रदर्शनाचा नियम असा आहे की आतल्या पोकळीपर्यंत तडा गेलेले फळ वजनाला घेत नाहीत. भावाने तड्यात हात घातला. मनगटापर्यंत आत गेला. तो हात तसाच ठेवून बराच वेळ बसला. मी म्हटले, "आता हात घालून काय सांधणार आहेस?" हे माझे शब्द आहेत. मी ते बदलून सांगत नाही.

नंतर त्याने देठ पाहिले. थोरल्याचे देठ वेलाला चिकटून, तिरपे होते. भोपळा वाढला तसा त्याचा खांदा स्वतःच्याच वेलाला रेटत गेला होता आणि देठ उपटत गेले होते. भाऊ म्हणाला, "धाकट्याचं देठ सरळ होतं. काटकोनात. माझ्या लक्षात आहे." मंगळवारी तो म्हणाला की पुस्तिकेत देठाबद्दल काहीतरी असलेच पाहिजे, एवढी साधी गोष्ट ते लिहिल्याशिवाय राहणार नाहीत. मी म्हटले, माझा चष्मा आला की बघू. बुधवारी दुपारी जेवल्यावर तो पुस्तिका घेऊन बियाणेवाल्याकडे गेला. बियाणेवाल्याला इंग्रजी येते, हे मला माहीत नव्हते.

पाच वाजता परत आला. चप्पल काढली, हात धुतले. नंतर झालेले बोलणे असे.

"पान एकोणीस वाचून घेतलं."

"मग?"

"त्यात आजच असं नाहीये, ताई. वीस दिवस थांबा, घाई करू नका, असं आहे. मोठा कुठला, लहान कुठला ते बघू नका, देठ बघा, असं आहे. देठ वेलाला काटकोनात असेल तो ठेवा."

"एखादी ओळ सुटली असेल माझी."

"अर्धं पान आहे."

त्याने आवाज चढवला नाही. त्याने कधीच चढवलेला नाही. मी चहा ठेवला. तो पायरीवर बसला. तिथून म्हणाला, "कारखान्याच्या शाळेचं पत्रसुद्धा तूच वाचलं होतंस."

मी म्हटले, "पन्नास वर्षांपूर्वीचं काय उकरतोस आता?"

"उकरत नाही. सहज आठवलं. चार ओळींचं होतं ना ते?"

मी म्हटले, चहा गार होतोय. त्याने चहा घेतला. कप विसळून पालथा घातला. त्यानंतर आमचे बोलणे झाले नाही.

गुरुवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मला पुढच्या दाराची कडी ऐकू आली. वेलाकडे जायचे दार मागचे आहे, हे माझ्या लक्षात आले होते. मी उठले नाही. औषधाची वेळ पाच मिनिटांवर होती, तेव्हा तो येईलच असे धरून मी डोळा मिटून पडून राहिले. सव्वासहा झाले. साडेसहा झाले. सात वाजता मी स्वतः औषध घातले. तेव्हापासून मीच घालते. निम्मे गालावर जाते.

मी पुढीलप्रमाणे शोध घेतला. काट्यावर गेले. तिथल्या बाईंनी सांगितले की भाऊ साडेसहाला आला होता, ट्रक नव्हता तेव्हा प्लॅटफॉर्मवर चढून मधोमध उभा राहिला. बाईंनी खिडकीतून विचारले, "काका, किती दाखवू?" तो म्हणाला, "जे असेल ते." काट्यावर साठ आले. तो "बरं" म्हणाला आणि मोठ्या रस्त्याच्या दिशेने गेला. बियाणेवाल्याकडे गेले. तो दुकान उघडत होता, त्याला काही माहीत नव्हते. मात्र एकोणिसावे पान भावाने त्याच्याकडून तीन वेळा वाचून घेतले होते, असे तो म्हणाला. बस स्थानकावर गेले, तिथल्या चौकशीच्या खिडकीत कोणी नव्हते. सरकारी दवाखान्यात दोन्ही मजले पाहिले. पुलापर्यंत चालत गेले. पुलावरून खाली पाहिले, पण मला नीट दिसत नाही.

भावाचे वर्णन: उंची माझ्यापेक्षा चार बोटे जास्त, अंगाने सडपातळ, रंग सावळा, केस पांढरे व बारीक कापलेले, उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पेन धरून पडलेला घट्टा. अंगात फिकट निळा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, राखाडी पँट, पायात तपकिरी चप्पल. वजन साठ किलो. सोबत कापडी पिशवी. घरातले पाहता पिशवीत एक शर्ट, टॉवेल व पुस्तिका असावी. पुस्तिका घरात सापडत नाही. मोबाइल घरीच ठेवला आहे. औषधाची बाटली माझ्या उशाशी, झाकण सैल करून ठेवली होती. घट्ट झाकण मला उघडत नाही.

घरात वाद झाला होता का, असे विचारल्यावरून सांगते की वाद झाला नाही. वाद घालायला दोन माणसे लागतात.

त्या पत्रात काय होते, असे हवालदारांनी विचारले. त्याचा तपासाशी संबंध नाही, असे मी उत्तर दिले. हवालदार म्हणाले, "बाई, माणूस चिडून गेलाय की खचून गेलाय, त्यावर आम्ही कुठे शोधायचं ते ठरतं. चिडलेला माणूस ओळखीच्याकडे जातो. खचलेला..." त्यांनी टाइप करणे थांबवले. मी पाणी मागितले. पाणी दिले गेले.

पत्र एका मोठ्या कारखान्याच्या तांत्रिक शाळेचे होते. भाऊ सोळा वर्षांचा व मी सतरा वर्षांची. त्याच्या शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी त्याचा अर्ज इंग्रजीत भरून पाठवला होता. पत्र यायच्या आधीच मास्तर बदली होऊन गेले होते. त्या वर्षी वडिलांचे अर्धे अंग गेले होते. आम्हा दोघांपैकी एकालाच पुढे शिकता येईल आणि दुसऱ्याला कामाला लागावे लागेल, हे घरात कोणी बोलले नव्हते, पण प्रत्येकाला माहीत होते. माझे कॉन्व्हेंटचे शेवटचे वर्ष सुरू व्हायचे होते.

पत्र सकाळच्या टपालाने आले. आई चुलीपाशी होती. भाऊ दारात उभा होता. मी उभी राहून, पाठ ताठ ठेवून पत्र वाचले. पत्रात असे होते की त्याची निवड झालेली आहे, दोन वर्षे राहण्याजेवणाची सोय कारखान्यातर्फे होईल, आणि त्याने बारा दिवसांच्या आत हजर व्हावे. मी, कळवण्यास खेद वाटतो, असे वाचले. ते शब्द पत्रात नव्हते. असे वाच, म्हणून मला कोणी सांगितले नव्हते. आईने माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा चुलीकडे पाहिले. भाऊ म्हणाला, "बरं." पत्र मी चुलीत टाकले. चौथ्या दिवशी तो काट्यावर कामाला लागला. मी वर्ष पूर्ण केले. त्या वर्षी मला इंग्रजी वाचनाचे पहिले बक्षीस मिळाले.

मी हे यापूर्वी कोणालाही सांगितलेले नाही. आईलाही नाही, आणि तिने विचारलेही नाही. दरम्यानच्या काळात घरात आलेला प्रत्येक इंग्रजी कागद मी भावाला अक्षर न् अक्षर खरा वाचून दाखवला. विजेच्या मीटरच्या सूचनासुद्धा. एकोणिसावे पान मी मुद्दाम गाळले नाही. मला घाई होती. पण यात फरक काय, असे भावाने विचारले असते तर माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याने विचारले नाही.

तरी कारणाच्या रकान्यात "भोपळा" हा शब्द खोडून माझा उल्लेख करावा.

माझ्या मागण्या दोन आहेत. पहिली, उद्या प्रदर्शनाच्या मैदानावर, भोपळे तोलतात त्या जागी, दिवसभर एक माणूस उभा करावा. तो येईलच असे माझे म्हणणे नाही. दुसरी जागा मला सुचत नाही. शेहेचाळीस वर्षे तो कुठे जातच नव्हता.

दुसरी मागणी हरवल्याच्या नोटिशीबद्दल. "घरचे वाट पाहत आहेत, कोणी काही बोलणार नाही" असे नेहमीचे त्यात घालू नये. मी काही बोलणार नाही यावर त्याचा विश्वास बसणार नाही. त्याऐवजी "कारखान्याचे पत्र होकाराचे होते" एवढेच घालावे. मराठीत घालावे आणि मोठ्या अक्षरांत, म्हणजे त्याला ते कोणाकडून वाचून घ्यावे लागणार नाही. हवालदार म्हणाले, "बाई, हे वाचून तर ते कधीच परत यायचे नाहीत." मी म्हटले, असेल. तरी घाला.

माझ्या एका डोळ्याचे ऑपरेशन झालेले असल्याने व दुसऱ्याने दिसत नसल्याने हा जबाब मी स्वतः वाचलेला नाही. हवालदारांनी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मला मोठ्याने वाचून दाखवला. कागदावर आहे तेच वाचलेत ना, मधले काही गाळले नाही ना, असे मी त्यांना विचारले. ते हो म्हणाले. मला ते मानावे लागत आहे. त्यांनी बोट ठेवून दाखवले त्या जागी मी सही केली आहे. ऐकला तसा हा जबाब खरा आहे.